बोट टेकलं कुठे, फोनला कळलं काय?



आज थोडं किनाऱ्यापासून लांब जाऊ. इंदूरला. तिथे खाडी नाही, बंदर नाही, उधाण-भांग नाही. पण सांवेर रोड आहे. शहरातून सांवेरमार्गे उज्जैनकडे जाणाऱ्या या रस्त्यालगत ए, बी, सी असे सेक्टर पाडलेली जुनी औद्योगिक वसाहत आहे. औषधं, प्लास्टिक, खाद्यपदार्थ, यंत्रांचे सुटे भाग, असे नाना कारखाने. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरं आहेत, आणि कारखान्यांत राबणाऱ्या हातांत मराठी हातही आहेत. त्या हातांना कधी मशीनचं तेल लागलेलं असतं, कधी रबरी मोजे चढवलेले असतात, कधी धुण्याच्या पाण्याने ते ओले असतात.

त्याच इंदूर शहरात सुपर कॉरिडॉर नावाचा रुंद रस्ता आहे. तिथे टीसीएस आणि इन्फोसिस यांची मोठी संकुलं आहेत. थंडगार हवेत, कोरड्या बोटांनी, टेबलावर स्थिर ठेवलेल्या फोनवर तपासणी होते अशी ती दुनिया. सांवेर रोड आणि सुपर कॉरिडॉर यांच्यात अंतर फार नाही. पण कोरडं बोट आणि तेलकट बोट यांच्यात मात्र मोठं अंतर आहे.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. हवामानाचा इशारा फोनवर, मासळीचा भाव फोनवर, डिझेलचे कागद फोनवर, बर्फवाल्याचे पैसे फोनवर. आणि आपला हात? खारा, ओला, खवल्यांनी भरलेला. होडी डुलते, बोट हलतं, आणि "हवामान" दाबायला गेलो की भलतंच काहीतरी उघडतं. मग घरातली पोरं म्हणतात, "बाबा, तुम्हाला फोन जमत नाही."

मंडळी, बऱ्याच वेळा आपल्याला फोन जमत नाही असं नसतं. आपल्या बोटाचा अर्थ काय लावायचा, याचे नियम कुणीतरी लिहिलेले असतात. ते नियम ओला हात आणि हलती होडी गृहीत धरून लिहिलेत का, हा खरा प्रश्न आहे. हे नियम एकदा समजले की दोन फायदे होतात. रोजचा फोन कमी चुकतो. आणि सोसायटीसाठी ॲप करून घ्यायची वेळ आली तर नेमकं काय मागायचं ते कळतं. म्हणून आजचा हा लांब लेख. चहा घेऊन बसा.

बोट टेकलं की आत काय होतं

आपल्याला वाटतं की बटण दाबलं म्हणजे एक गोष्ट झाली. फोनसाठी त्या तीन गोष्टी असतात: बोट टेकलं, बोट सरकलं, बोट उचललं. प्रत्येकाची वेगळी वर्दी फोनच्या आत जाते. या तीन वर्द्यांवरून फोन ठरवतो की हा टॅप आहे, स्क्रोल आहे, की बराच वेळ दाबून धरलंय.

गळ टाकून बसलेला माणूस आठवा. दोरी जराशी हलली म्हणून तो लगेच हिसका देत नाही. पाण्याची हालचाल किती आणि माशाची ओढ किती, याचा अंदाज त्याच्या बोटांत असतो. फोनलाही असा अंदाज द्यावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये हा अंदाज साधारणपणे ८ डीपी ठेवलेला असतो. डीपी हे स्क्रीनवरचं माप आहे; १६० डीपी म्हणजे एक इंच. हिशोब केला तर ८ डीपी म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर.

बोट टेकल्यापासून उचलेपर्यंत सव्वा मिलिमीटरच्या आत राहिलं, तर फोन म्हणतो टॅप. त्याहून जास्त सरकलं, तर फोन म्हणतो स्क्रोल. आता सांगा, इंजिन चालू आहे, लाट आडवी लागतेय, एका हाताने कठडा धरलाय आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवताय. सव्वा मिलिमीटरच्या आत अंगठा कसा राहणार? म्हणून होडीवर बटण "लागत नाही" आणि यादी उगाच खाली-वर सरकते. तुमचं बोट बरोबर जागी पडलेलं असतं. फोनने त्याला सरकणं समजलेलं असतं.

बटण आणि यादी यांची ओढाताण

समजा स्क्रीनवर भावाची यादी आहे: पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. प्रत्येक ओळ हे एक बटण आहे, आणि ती सगळी बटणं एका सरकणाऱ्या यादीत बसवलेली आहेत. तुम्ही सुरमईवर बोट टेकलं. तुम्हाला सुरमईचा तपशील हवाय की यादी वर ढकलायचीय? त्या क्षणी फोनला माहीत नसतं.

अँड्रॉइडमध्ये तोडगा असा आहे. बोट टेकल्याची वर्दी सुरमईच्या ओळीला जाते, पण यादी मागे उभी राहून लक्ष ठेवते. खलाशाच्या हातात दोर आहे आणि तांडेल मागून बघतोय, तसं. बोट पुरेसं सरकलं की यादी म्हणते, "हे काम माझं." ती पुढच्या सगळ्या वर्द्या आपल्याकडे घेते आणि सुरमईच्या ओळीला "रद्द" असा निरोप पाठवते. निरोप मिळाल्यावर त्या ओळीने दाबल्याची खूण पुसायची आणि गप्प बसायचं, असा नियम.

ॲप लिहिणाऱ्याने हा "रद्द" निरोप नीट हाताळला नाही तर दोन गोंधळ होतात. एक तर ओळ दाबल्यासारखी रंगलेलीच राहते. किंवा, आणि हे जास्त वाईट, यादी सरकवता सरकवता भलतीच ओळ उघडते. तुमच्या फोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये असं होत असेल, तर समजा की गडबड इथे आहे.

यादीत बोट टेकल्यावर बटण लगेच रंगत नाही, हेही बघितलं असेल. फोन सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबतो, की बघूया हा सरकवतोय का. हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे.

उचलल्याशिवाय काही होत नाही

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. नीट बनवलेल्या ॲपमध्ये काम बोट टेकल्यावर होत नाही, उचलल्यावर होतं. म्हणजे बोट टेकलं आणि लक्षात आलं की चुकीच्या बटणावर आहे, तर घाबरून उचलू नका. बोट तसंच स्क्रीनवर ठेवून बटणाच्या बाहेर सरकवा आणि मग उचला. टॅप रद्द.

आज घरी करून बघा. एखाद्या साध्या बटणावर बोट ठेवा, बाजूला ओढा, उचला. काही होणार नाही. आपल्या आई-वडिलांना, लिलावात बसणाऱ्या ताई-मावशींना ही एक युक्ती शिकवली तरी चुकीच्या बटणांची निम्मी भीती जाते.

ही नुसती सोय नाही, लिखित नियम आहे. वेबसाइट आणि ॲप सगळ्यांना वापरता यावीत यासाठी जगभर वापरली जाणारी डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे. तिच्या जून २०१८ च्या २.१ आवृत्तीत हे कलम आलं: नुसतं बोट टेकल्यावर काम उरकू नये, आणि चूक लक्षात आली तर रद्द करायची वाट असावी. हे कलम त्या नियमावलीच्या अगदी प्राथमिक पातळीवर आहे. आपल्या केंद्र सरकारच्या वेबसाइट आणि ॲपसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्यांची तिसरी आवृत्ती याच डब्ल्यूसीएजी २.१ वर बेतलेली आहे. म्हणजे सरकारी ॲपकडे हे मागायला आपल्याला कुणाची मेहरबानी नको.

खारं पाणी स्क्रीनला का फसवतं

आपल्या फोनची स्क्रीन दाब मोजत नाही. काचेखाली विजेच्या बारीक वाहक रेषांची जाळी असते, अगदी आपल्या जाळ्यासारखी उभी-आडवी. बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा विजेचा भार किंचित बदलतो, आणि फोनला कळतं की बोट इथे आहे. बोटाने चालणारी अशी स्क्रीन ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ती मांडली होती, आणि डोळ्यांसमोर काम होतं विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचं.

आता पाणी. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी चांगली वाहून नेतं. त्याचा ओघळ बोटाला लागून पसरला तर स्क्रीनला बोटच मोठं झाल्यासारखं वाटतं. कुठे दोन बोटं टेकल्याचा भास होतो, कुठे टेकलेलं बोट कळतच नाही. म्हणून ओल्या स्क्रीनवर नकाशा आपोआप लहान-मोठा होतो, कारण फोनला वाटतं की तुम्ही दोन बोटांनी चिमटा घेताय.

जाड रबरी मोज्याची अडचण उलटी. बोट काचेपासून लांब राहतं, विजेचा बदल कमी पडतो, आणि फोनला काहीच कळत नाही. काही फोनच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते. ती मोज्याला आणि जाड काचसंरक्षकाला उपयोगी पडते. पण ती चालू ठेवून ओल्या हाताने फोन वापरला तर खोटे स्पर्श वाढू शकतात. तेव्हा मोजा घालून काम करणाऱ्या सांवेर रोडवरच्या भावाने ती चालू ठेवावी, आणि ओल्या हाताने काम करणाऱ्या आपल्या खलाशाने आधी बंद ठेवून बघावी. एकच फोन, दोन हात, दोन सेटिंग.

टॅब: एका होडीत चार खण

बहुतेक ॲपमध्ये खाली किंवा वर तीन-चार टॅब असतात. हवामान, भरती-ओहोटी, मासळीचे पट्टे, बाजारभाव. टॅब म्हणजे होडीतले खण समजा. बर्फ एका खणात, मासळी दुसऱ्यात, जाळं तिसऱ्यात. एका खणात हात घातला म्हणून दुसऱ्यातला माल हलायला नको. टॅबचंही तसंच असायला हवं. पण इथे तीन ठिकाणी गोंधळ होतो.

पहिला गोंधळ नकाशाचा. बऱ्याच ॲपमध्ये टॅब बदलायला बोट आडवं फिरवलं तरी चालतं. आणि मासळीचा पट्टा दाखवणारा नकाशा सरकवायलाही बोट आडवंच फिरवावं लागतं. तुम्ही नकाशा पश्चिमेला ढकलता आणि उघडतो बाजारभाव! दोघांनी एकाच बोटावर हक्क सांगितलाय. याचा उपाय ॲप लिहिणाऱ्याच्या हातात आहे: ज्या टॅबमध्ये नकाशा आहे तिथे बोट फिरवून टॅब बदलणं बंद ठेवायचं, टॅबच्या नावावर टॅप केल्यावरच बदल. दोन ओळींचं काम असतं, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

दुसरा गोंधळ जागा विसरण्याचा. तुम्ही भावाच्या यादीत खाली कोळंबीपर्यंत गेलात, मध्येच हवामान बघून आलात, आणि परत येता तर यादी पुन्हा पापलेटवर. प्रत्येक टॅबने आपली जागा लक्षात ठेवायला हवी. अर्धा भरलेला अर्ज असेल तर त्याची अक्षरंही. डिझेलच्या अर्जात होडीचा नोंदणी क्रमांक टाकून दुसऱ्या टॅबवर नुसतं डोकावून आलात आणि सगळं कोरं झालं, यासारखा संताप नाही.

तिसरा गोंधळ सगळ्यात धोक्याचा, कारण तो दिसत नाही. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहांवरून मिळणारं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी सापडण्याच्या संभाव्य पट्ट्यांचा सल्ला देते. हा सल्ला ठरावीक मुदतीचा असतो, पाणी कुणासाठी थांबत नाही. किनाऱ्यापासून लांब गेलं की नेटवर्क जातं, आणि ॲप जुनीच माहिती दाखवत राहतं. टॅब उघडतो, नकाशा दिसतो, रंग दिसतात, सगळं ताजं वाटतं. तारीख मात्र वर कुठेतरी असते, आणि खाली स्क्रोल केलं की स्क्रीनबाहेर जाते. परवाचा पट्टा आजचा समजून डिझेल जाळणं किंवा कालचा "वारा साधारण" आजचा समजणं, यात नुकसान कुणाचं ते सांगायला नको.

म्हणून नियम असा हवा: माहिती कधीची आहे ती वेळ स्क्रोलबरोबर जाऊ नये, टॅबच्या डोक्यावर घट्ट चिकटून राहावी. आणि इशारा लाल असेल तर तो कुठल्याही टॅबवर असलो तरी दिसावा. वादळाने आपल्याला "हवामान" टॅब उघडायची वाट बघायला लावू नये.

स्क्रोलचं गणित

स्क्रोल गुळगुळीत वाटायला फोनला सेकंदाला साधारण ६० चित्रं काढावी लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ॲपचं दुसरं काही काम आटपलं नाही तर स्क्रोल अडखळतो. स्वस्त, जुना, गच्च भरलेला फोन असेल तर जास्तच. ॲप लिहिणाऱ्याने बोट सरकण्याच्या प्रत्येक वर्दीवर जड काम लावून ठेवलं, की असं होतं. वेबसाइटवर तर बोट सरकलं की ब्राउझर आधी पानाला विचारायचा, "मी सरकवू का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. २०१६ पासून क्रोम ब्राउझरमध्ये पानाला आधीच सांगून ठेवता येतं की माझ्यासाठी थांबू नकोस, मी नुसता बघतोय. त्यानंतर फोनवरच्या वेबसाइट बऱ्याच सुसह्य झाल्या.

अशीच एक जुनी गोष्ट. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्यात दोनदा टॅप केलं की पान मोठं व्हायचं. मग एक टॅप झाल्यावर दुसरा येतोय का, हे बघायला ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचा. सेकंदाचा एक तृतीयांश भाग, पण माणसाला तो जाणवतो. "लागलं नाही वाटतं" म्हणून माणूस परत दाबतो. आज ती अडचण बहुतेक गेलीय, पण सवय राहिलीय, आणि नेटवर्क कमजोर असलं की ती सवय महागात पडते. पैसे पाठवायचं बटण दाबलं, काही हललं नाही, परत दाबलं. दोनदा पैसे जायची वाट उघडली.

इथेही ॲपकडे मागणं सोपं आहे: पहिल्या टॅपनंतर बटण फिकं व्हावं, "थांबा" असं लिहून यावं, आणि पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा टॅप घेऊ नये. आणि आपण काय करायचं? पैशांच्या बाबतीत परत दाबण्याआधी व्यवहारांची यादी आणि बँकेचा मेसेज बघायचा. मधे दोन मिनिटं गेली तर बर्फ वितळत नाही.

आणखी दोन सापळे. एक, न संपणारा स्क्रोल. खाली जात राहा, माल येतच राहतो. ही युक्ती २००६ मध्ये आझा रास्किन यांनी तयार केली, आणि तिने लोकांचा किती वेळ खाल्ला याबद्दल पुढे त्यांनी स्वतःच खंत बोलून दाखवली. बातम्या-व्हिडिओला ठीक, पण कामाच्या ॲपमध्ये यादीला शेवट हवा. "आजचे भाव संपले" असं दिसलं तर माणूस फोन ठेवून कामाला लागतो.

दोन, यादी खाली ओढून ताजी करणं. किनाऱ्यावर छान. पण समुद्रात नेटवर्क नसताना चुकून ओढलं, आणि ॲपने जुनी माहिती पुसून कोरं पान दाखवलं, तर होती ती माहितीही गेली. नवीन हातात आल्याशिवाय जुनं टाकू नये. नवं जाळं विणून झाल्याशिवाय जुनं कोण जाळतं?

अंगठ्याची पोच

आपण फोन कसा धरतो याची पाहणी स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली होती. रस्त्यावर, गाडीत, दुकानात फोन वापरणाऱ्यांच्या १,३३३ नोंदी त्यांनी घेतल्या. त्यात ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन चालवत होते. होडीवर तर दुसरा हात मोकळा असणं हीच चैन. मग वरच्या कोपऱ्यातलं बटण अंगठ्याला कसं पोचणार? म्हणून महत्त्वाचे टॅब खाली हवेत.

आणि आकार? मोठं आणि जवळचं लक्ष्य लवकर साधतं, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मोजून मांडला. गुगलची शिफारस आहे की दाबायची जागा निदान ४८ डीपी लांब-रुंद असावी. सव्वा मिलिमीटरच्या हिशोबाने बघितलं तर साडेसात मिलिमीटरच्या पुढे. हे कोरड्या, स्थिर बोटासाठी. डुलत्या होडीवर यापेक्षा मोठी बटणं आणि त्यांच्यात मोकळी जागा हवी. "होडी निघाली" आणि "फेरी रद्द" ही दोन बटणं शेजारी-शेजारी चिकटवणाऱ्याने एकदा लाटेवर बसून बघावं.

जीवावरचं बटण काचेवर नको

संकटाच्या वेळी हात थरथरतो, ओला असतो, अंधार असतो. म्हणून अशा वेळी काचेवरच्या बटणावर एकट्यावर विसंबू नये. इस्रोने बनवलेलं डॅट, म्हणजे संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणारं यंत्र, आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्याला दाबायचं खरं बटण असतं. जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी पिढी आली. तिच्यात किनाऱ्यावरून पोच परत येते, म्हणजे हाक ऐकली गेली हे कळतं. ते यंत्र ब्लूटूथने फोनला जोडून संदेश आपल्या भाषेत वाचता येतात. ही विभागणी शहाणपणाची आहे: हाक मारायला बटण, वाचायला स्क्रीन.

व्हीएचएफ असेल तर चॅनल १६. नेटवर्क असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सगळ्यांसाठी ११२. फोनचं बाजूचं पॉवर बटण ठरावीक वेळा पटापट दाबून मदतीचा फोन लावायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते. ते बटण ओल्या हाताने चालतं. किती वेळा दाबायचं हे फोनप्रमाणे बदलतं, म्हणून किनाऱ्यावर असतानाच सेटिंगमध्ये बघून ठेवा.

आपण आजपासून काय करायचं

खिशात किंवा डब्यात कोरडा सुती रुमाल ठेवा. आधी स्क्रीन पुसा, मग बोट, मग टॅप.

निघण्याआधी जेट्टीवरच प्रत्येक टॅब एकदा उघडा. हवामान, भरती, पट्टा. वर आजची तारीख आहे का बघा. महत्त्वाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. स्क्रीनशॉट चुकून ताजा होत नाही आणि पुसलाही जात नाही.

चुकीच्या बटणावर बोट पडलं तर बाहेर सरकवून उचला.

यादी वेगात पळत असेल तर आधी एक बोट टेकवून ती थांबवा, उचला, मग हवी ती ओळ दाबा. पळत्या यादीवर दाबू नका.

पान उघडल्यावर क्षणभर थांबा. उशिरा येणारा फोटो किंवा जाहिरात बटणं खाली ढकलते, आणि तुमचं बोट भलत्यावर पडतं.

अक्षरं आणि बटणं मोठी करायची सेटिंग घरातल्या पोरांकडून लावून घ्या. दाबून धरण्याची वेळ वाढवायची सोयही सुलभतेच्या सेटिंगमध्ये असते. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना ती फार उपयोगी.

सोसायटीने काय मागायचं

मच्छीमारांसाठी चांगली ॲप होऊ शकतात, याची उदाहरणं आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर टीसीएसची संशोधन शाखा, सीएमएफआरआयचं मुंबई केंद्र आणि इन्कॉईस यांनी मिळून एमकृषी फिशरीज ही सेवा मराठीत आणली होती. दक्षिणेत एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि क्वालकॉम यांनी फिशर फ्रेंड हे ॲप मच्छीमारांसाठी उभं केलं. सप्टेंबर २०२४ पासून मत्स्य क्षेत्राचं राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठही सुरू झालंय आणि त्यावर नोंदणी चालू आहे. हे फक्त सागरी भावांपुरतं नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तिथल्या तलाव-धरणांवरच्या मच्छीमारांचे अर्जही आता फोनकडेच वळताहेत. म्हणजे फोनवरचं बटण नीट लागणं हा योजना मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न झालाय. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हे जगण्याच्या हक्काशी जोडलं आहे.

तेव्हा कुणी सोसायटीला ॲप विकायला किंवा बनवून द्यायला आलं, तर सभागृहात पडद्यावर दाखवू देऊ नका. जेट्टीवर न्या. आणि ही परीक्षा घ्या:

एक, हात समुद्राच्या पाण्यात बुडवून, नुसते झटकून, प्रत्येक टॅब उघडून दाखवा.

दोन, नांगरलेल्या पण डुलत्या होडीत उभं राहून, एका हाताने अर्ज भरून दाखवा.

तीन, नकाशा चारही बाजूंना सरकवा. टॅब बदलला तर नापास.

चार, अर्धा अर्ज भरून दुसऱ्या टॅबवर जा, फोन बंद-चालू करा, परत या. अक्षरं गेली तर नापास.

पाच, फोन विमान मोडवर टाका आणि यादी खाली ओढा. जुनी माहिती गेली तर नापास. तारीख दिसत नसेल तरी नापास.

सहा, पैसे पाठवायचं किंवा अर्ज पाठवायचं बटण पटापट तीनदा दाबा. दोन नोंदी झाल्या तर नापास.

सात, चुकीच्या बटणावर बोट टेकवून बाहेर ओढा. तरी काम झालं तर नापास.

ही परीक्षा अर्ध्या तासात होते, तिला कुठल्या इंजिनिअरची गरज नाही, आणि ती घ्यायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे सोसायटीतला फोनला सर्वात जास्त घाबरणारा सभासद. त्याला जमलं तर सगळ्यांना जमेल. परीक्षा झाली की मगच बिलावर सही.